हार्मन स्टाउटच्या काचेमागे

मित्रांनो, जवळ या, मी चावत नाही. मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझा रंग लाल होता. आता काही ठिकाणी तो रंग आहे आणि काही ठिकाणी गंज, आणि कुठे काय आहे ते माझे मलाही नीट सांगता येत नाही. गोष्ट सांगण्याची मला सवय नाही. यंत्राला मन असते असे कोणी म्हणत नाही, मीही ठासून म्हणणार नाही. पण मन नसते तर एका माणसावरचा राग मी इतकी वर्षे कुठे ठेवला असता, हे कोडे मला सुटलेले नाही.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडे, नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. मंदीचे दिवस होते. कारखाना इतका मोठा की एका टोकाची शिटी दुसऱ्या टोकाला ऐकू जात नसे, पण त्या हिवाळ्यात त्याच्या एकाच मजल्यावर दिवे लागत. जे कामगार उरले होते ते सावकाश काम करीत. हातातल्या गाड्या संपल्या की कामही संपणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे मी फार नीट घडले. माझ्या टाकीवरची सोनेरी रेघ एका माणसाने काढली, पुसली आणि पुन्हा काढली, कारण त्याला घरी जायची घाई नव्हती.

आमच्या घराण्याची एक रीत होती. वेगाची मूठ आम्हाला डाव्या हाताला. दुसऱ्या मोठ्या कारखान्याच्या गाड्यांना ती उजवीकडे असे. गिअर टाकीशेजारच्या दांड्याने, हाताने बदलायचा. क्लच डाव्या पायाने दाबायचा. आणि तेल. हे तेवढे लक्ष देऊन ऐका. आताच्या गाड्यांत तेल फिरून फिरून परत येते. आमच्यात येत नसे. एक छोटा पंप इंजिनाला थेंब थेंब तेल देई, इंजिन ते पिऊन धुरावाटे सोडून देई. किती थेंब द्यायचे ते पंपावरच्या एका पितळी स्क्रूवर ठरे. उजवीकडे पिळला की तेल कमी, डावीकडे सोडला की जास्त. तेल फार कमी पडले तर इंजिन तापून जाम होते आणि मागचे चाक जागच्या जागी थांबते. फार जास्त झाले तर प्लग तेलाने माखतात आणि गाडी गुदमरते.

आधी मला इंडियानातल्या एका डॉक्टरने घेतले. त्याच्या बायकोने माझ्यावर बसायला साफ नकार दिला, म्हणून मी त्याच्या कोठारात पडून राहिले. त्याच डॉक्टरला घराला दगडी धुराडे बांधून हवे होते. ते बांधायला आला रॉस्को चिटवुड. हा पेरी गॅप गावचा, चुनखडीच्या खाणीत दगड कापणारा. त्याने धुराडे उभे केले आणि मजुरी म्हणून मला मागून घेतले. मला वाटते, तो सौदा त्या दोघांपैकी कोणालाच तोट्याचा वाटला नाही.

रॉस्को आणि त्याची थोरली बहीण लोव्हीना एकत्र राहत. ती शर्टांच्या कारखान्यात बाह्या शिवायची. सगळे तिला व्हीना म्हणत. त्या वर्षांत नवीन इमारती कोण बांधणार? खाण आठवड्यातून जेमतेम दोन-तीन दिवस चाले. उरलेले दिवस मी चालत असे. डॉक्टरची औषधे डोंगरावरच्या घरांना पोचवायची, कोणाची अंडी स्टेशनवर न्यायची, व्हीनाला कारखान्यात सोडायचे. ती मागे बसे ती दोन्ही हातांनी टोपी धरून, आणि रॉस्कोला धरायला हात उरत नसे.

"पडशील एक दिवस," रॉस्को म्हणे.

"टोपी नवी आहे. मी जुनी आहे."

रविवारी चर्चमधून आले की रॉस्को जुन्या बनियनने मला पुसत बसे. एकेक आरा वेगळा पुसत असे.

"एवढ्या प्रेमानं कधी ताटं पुसली असतीस तर," व्हीना दारातून म्हणे.

"ताटं काय शर्यत जिंकून देतात?"

"जेवण देतात. तुला तेही लागतं असं मी पाहिलंय."

हो, आम्ही शर्यती जिंकत होतो. ऑगस्टमध्ये जिल्ह्याची जत्रा भरे आणि घोडे पळवायच्या मातीच्या गोल मैदानावर आमच्या शर्यती होत. तेव्हाचा नियम असा होता की गाडी स्वाराच्या मालकीची आणि रोजच्या वापरातली हवी, आणि ती चालवतच मैदानावर आणायची. मग गवतावर बसून दिवा, मडगार्ड, सायलेन्सर उतरवायचे, शर्यत करायची, सगळे पुन्हा चढवायचे आणि त्याच गाडीवरून घरी जायचे. रस्त्यावर तेल कमी ठेवावे लागे आणि शर्यतीत जास्त. म्हणून दिवा उतरला की प्रत्येक स्वार आपल्या हाताने तो पितळी स्क्रू थोडा सोडे. एकदा सोडला की त्याकडे पुन्हा पाहायचे नाही. पुन्हा पाहिले तर बाकीचे हसत, याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही म्हणत. दुसऱ्याच्या गाडीला हात लावणे तर कोणाच्या मनातही येत नसे. गाड्या गवतावर तशाच सोडून सगळे चर्चच्या बायकांनी मांडलेल्या टेबलांकडे जेवायला जात.

मित्रांनो, माझा दिवा हाच माझा डोळा. तो उतरवला की मला दिसत नाही. शर्यतीत मी नेहमी आंधळीच धावले. मला फक्त कान असत, आणि अंगावरचा हात कोणाचा ते कळे.

आता हार्मन स्टाउट. गावात गाड्या दुरुस्त करण्याचे त्याचे दुकान होते, समोर मोठी काच होती, आणि तो दर वर्षी आमच्या मागे दुसरा येत असे. रॉस्को आणि तो एका वर्गात शिकलेले. लहानपणी मळणीयंत्रात हार्मनच्या उजव्या अंगठ्याचे टोक गेले होते. दुसरा आल्याचे त्याला इतके लागे की तो ते हसून सांगत असे.

"जिंकते ती गाडी," तो लोकांना म्हणे. "रॉस्को नुसता वर बसतो. तिच्यावर माझी आजी बसवा, तीही जिंकेल."

"तुझी आजी आमच्या पुढे आली असती," रॉस्को म्हणे. "तूच तिला अडवतोस."

लोक हसत. हार्मनही हसे. त्याने मला दोनदा मागितले, रॉस्कोने दोनदा नाही म्हटले.

मग ती जत्रा आली. रॉस्कोने दिवा उतरवून गवतावर ठेवला, स्क्रू सोडला, आणि तो व्हीनाबरोबर जेवायला गेला. मी ऊन खात उभी होते. थोड्या वेळाने गवतावर पावले वाजली. कोणीतरी माझ्याशेजारी बसले. स्क्रूवर एक हात आला, आणि त्या हाताचा अंगठा अर्धा होता. त्याने स्क्रू उजवीकडे पिळला. सावकाश, शेवटपर्यंत नाही, जवळजवळ शेवटपर्यंत. मग तो निघून गेला.

मी ओरडू शकले असते तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पलीकडच्या सरळ पट्ट्यावर, पूर्ण वेगात, माझे इंजिन जाम झाले. मागचे चाक थांबले. मी आडवी झाले आणि रॉस्कोचा डावा पाय माझ्याखाली आला. तसेच आम्ही दोघे कुंपणापर्यंत घसरत गेलो. शर्यतीचे पंच बर्ट ओबेनशेन, ज्यांना सगळे बर्टकाका म्हणत, ते धावत आले. पाय मोकळा केल्यावर त्यांनी माझ्या पंपापाशी वाकून पाहिले.

"स्क्रू बंद आहे रे बाळा," ते हळूच म्हणाले.

"मी सोडला होता," रॉस्को म्हणाला.

"असेल. पण बंद आहे."

पाच-सहा स्वारांनी वाकून पाहिले. हार्मननेही पाहिले. सर्वांत जास्त वेळ त्यानेच पाहिले, आणि तो चुकचुकला.

रॉस्कोचा पाय राहिला, पण घोट्यात वाकेनासा झाला. क्लच दाबणे त्या पायाला पुन्हा शक्य नव्हते. त्याहून वाईट गोष्ट अंथरुणावर झाली. गाव म्हणत होते, घाईत चिटवुडने स्क्रू उलटा फिरवला. स्वतःच्याच गाडीचा गळा आवळला. हे ऐकून ऐकून रॉस्कोही ते मानायला लागला. मी खिडकीबाहेर, गोणपाटाखाली होते. मला आतले ऐकू येत असे.

"डावीकडे की उजवीकडे, व्हीना? हात आठवतो, दिशा आठवत नाही."

"डावीकडे. मी शेजारी उभी होते."

"तू सरबत पीत होतीस."

"सरबत तोंडानं पितात. डोळे मोकळे होते माझे."

"तू बहीण आहेस. तू दुसरं काय सांगणार?"

हेच उत्तर व्हीनाला बर्टकाकांनीही दिले होते, फक्त जरा गोड शब्दांत.

हार्मन स्टाउट भेटायला आला तो पाय घेऊन. पाय म्हणजे इंग्रजी पाय, साखर-सायीचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, त्याच्या आईने केलेला. म्हणाला, बरा झालास की दुकानात ये, बसून करायचे काम आहे. रॉस्कोने त्याला मला घेऊन जायला सांगितले. काही न घेता दिले.

"माझ्या हातात ती राहावी अशी माझी लायकी नाही," तो म्हणाला. "मी जिला पुसत होतो तिला मीच मारलं."

मित्रांनो, मी बाहेर उभी राहून हे ऐकले. रागाला जागा लागते असे म्हणतात. माझ्या टाकीत, नळ्यांत, पोकळ दांड्यांत, जिथे जिथे जागा होती तिथे तो त्या दिवशी भरला.

हार्मनने मला उत्तम दुरुस्त केले, हे नाकारता येत नाही. त्याचा हात चांगला होता. पण त्याने माझ्या मुठींची अदलाबदल केली. वेग उजवीकडे घेतला, त्याच्या सवयीप्रमाणे. माणसाचे हात उपटून उलटे बसवले तर त्याला जसे वाटेल तसे मला वाटले. मग त्याने मला दुकानाच्या काचेत उभे केले. गिऱ्हाईक आले की तो माझ्या टाकीवर थाप मारून म्हणे, "गाडीत खोट कधीच नव्हती. खोट माणसात असते." आणि मागे, कामाच्या टेबलाशी, रॉस्को स्टुलावर बसून दुसऱ्यांचे कार्ब्युरेटर साफ करीत हे ऐकत असे. मान वर करीत नसे. गाव हार्मनची वाहवा करी. बघा, मित्राला टाकलं नाही, म्हणे.

मी काय करू शकत होते? मी त्याच्या रविवारच्या विजारीवर तेल गाळले. एकदा त्याने घाईने किक मारली तेव्हा उलटा दणका देऊन त्याची नडगी सोलली. हे माझ्या इच्छेने झाले की त्याच्या घाईने, मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण मला बरे वाटले. खाणीच्या वळणावर तो मला झुकवत असे तेव्हा माझ्या मनात काय काय येई, ते मुलांना सांगण्यासारखे नाही.

व्हीना दुपारच्या सुट्टीत रॉस्कोचा डबा घेऊन येई. एकदा हार्मन बाहेर होता आणि रॉस्को मागे हात धूत होता. ती माझ्यापाशी थांबली आणि तिने माझ्या उजव्या मुठीवर हात ठेवला.

"तुझे हात बदलले गं त्यानं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, अगदी हळू, "ज्यानं जन्मात कुणाला पेलाभर पाणी दिलं नाही, तो माझ्या भावाला नोकरी देतो. का? तुला ठाऊक आहे. आणि तू मुकी."

पुढची जत्रा आली. हार्मनने जाहीर केले होते की तो माझ्यावर बसून शर्यत जिंकणार आणि गाडीत खोट नसल्याचे दाखवणार. त्याच्या गाडीची देखभाल करायला म्हणून रॉस्कोने मैदानावर यायचे होते. रॉस्को आला. नाही म्हणण्याइतका मान त्याने स्वतःला ठेवला नव्हता. व्हीनाला ते पाहवेना. तिला एकच हवे होते: रॉस्कोच्या तोंडून एकदा निघावे की तो स्क्रू मी बंद केला नव्हता. तेवढ्यासाठी ती काहीही करायला तयार होती, आणि मीही.

हार्मनने दिवा उतरवला, स्क्रू सोडला, आणि सगळे जेवायला गेले. मी आंधळी उभी होते. मग गवतावर हलकी पावले आली, कापडाची सळसळ झाली आणि कोणी माझ्याशेजारी गुडघे टेकले. स्क्रूच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचे टोक बसले. हात व्हीनाचा होता.

मला कळले. आणि मित्रांनो, मी घाबरले नाही. पिळ, बाई, असे मला झाले. उजवीकडे पिळ, शेवटपर्यंत. मी पुन्हा जळेन, पुन्हा कुंपणावर आपटेन, पण या वेळी माझ्याखाली त्याचा पाय असेल. एवढ्या आनंदाने मी कधीच कशाची वाट पाहिली नव्हती.

तिने पिळला नाही. टोक खाचेत ठेवून ती नुसती बसून राहिली. खूप वेळ. मला वाटले, हिचा धीर सुटला. मला तिचाही राग आला.

मग जेवणाच्या टेबलांकडून पावले आणि बोलणी जवळ आली. त्यांत हार्मनचे हसणे होते. ते एकदम थांबले. त्याच वेळी व्हीना उठली, तिने स्क्रूड्रायव्हर एप्रनच्या खिशात टाकला आणि ती चार पावले बाजूला जाऊन उभी राहिली. आता समजते, ती कोणीतरी पाहण्याचीच वाट पाहत होती. आणि तो कोणीतरी कोण, तेही तिने ठरवलेले होते.

हार्मन धावत आला. माझ्या साखळीला त्याने हात लावला नाही. ब्रेकला नाही, चाकाला नाही, पेट्रोलच्या नळीला नाही. अर्धा अंगठा थेट त्या पितळी स्क्रूवर आला. तिने तो बंद केला असणार असे धरून त्याने तो घाईघाईने डावीकडे सोडला, आणखी सोडला.

"लाज नाही वाटत?" तो व्हीनाला म्हणाला. श्वास लागला होता त्याला. "फिट्टंफाट करायला आलीस?"

मग माझ्या मागच्या बाजूने, काठीवर टेकून उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आला.

"फिट्टंफाट कशाची, हार्मन?"

"बघ ना, तुझी बहीण..."

"पाहतोय. ती तुझ्या गाडीपाशी बसली होती. पण ती तर तुझं मीठ खाते. तिच्या भावाला तू पोसतोस. तिचं तुझ्याशी वैर काय?"

"मला काय माहीत?"

"मग साखळी का नाही पाहिलीस?" रॉस्कोचा आवाज जराही चढला नव्हता. "मी असतो तर आधी साखळी पाहिली असती. मग ब्रेक. तो स्क्रू दुसरं कुणी बंद करतं, हे माझ्या डोक्यात वर्षभरात एकदासुद्धा आलं नाही. तुझ्या डोक्यात एका क्षणात आलं."

बाजूच्या स्वारांपैकी कोणीतरी खाकरले. बर्टकाका म्हणाले, "हार्मन, बेटा, तिनं स्क्रू फिरवला होता का ते तरी पाहिलंस?"

"नाही फिरवला," व्हीना म्हणाली. "नुसती बसले होते. गुडघे दुखायला लागले."

"मी सोडला होता," रॉस्को म्हणाला, आणि हे तो कोणालाच सांगत नव्हता. "डावीकडे सोडला होता मी."

त्या क्षणी शर्यत सोडून निघून जाणे हार्मनला शक्य होते. पण जाणे म्हणजे कबूल करणे, असे त्याला वाटले असावे. तो माझ्यावर बसला. स्क्रू पुन्हा घट्ट करायला तो वाकला नाही. इतक्या लोकांसमोर त्या स्क्रूला तिसऱ्यांदा हात लावण्याची त्याची छाती झाली नाही.

झेंडा पडला आणि मी निघाले. इंजिनात तेल येत होते, भसाभसा येत होते. मी ते सगळे प्याले आणि सगळे धुरावाटे सोडले. निळा, जाड, चिकट धूर. पहिल्या वळणाला मागचे स्वार खोकू लागले. दुसऱ्या वळणाला एक प्लग गेला. प्रेक्षकांच्या मोठ्या मांडवासमोर, जिथे सगळा जिल्हा बसला होता, तिथे दुसरा गेला, आणि मी थांबले. धूर आमच्या भोवती तसाच उभा राहिला. आतून हार्मनच्या किका ऐकू येत होत्या, एकामागून एक, आणि बाहेरून लोकांचे हसणे. कोणीतरी ओरडले, "आजीला बसवा रे." मी एकाही किकेला उत्तर दिले नाही. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर दिवस होता. हे असे बोलणे बरे नाही, पण खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला फार सुखाने निरोप दिला असता.

दुसऱ्या दिवशी हार्मनने मला धुतले, पुसले, मुठी पुन्हा जागच्या जागी बसवल्या आणि तो मला ढकलत चिटवुडांच्या घरी घेऊन गेला. माझे पुढचे चाक पोर्चच्या पायरीला लागले. ती पायरी माझ्या ओळखीची होती. मी घरी आले, असे मला वाटले.

रॉस्को खुर्चीत बसला होता.

"ही घे," हार्मन म्हणाला. "वेग परत डावीकडे केलाय. सगळं पहिल्यासारखं आहे."

"पाय?" व्हीनाने आतून विचारले.

हार्मन खाली पाहत राहिला. "तो इतका जायबंदी होईल असं मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "गाडी हळू होईल, मी पुढे जाईन, एवढंच."

"घेऊन जा तिला," रॉस्को म्हणाला.

"तुला नको?"

"मला हवी आहे. म्हणून तर तुला देतोय. काचेत उभी कर, होती तिथंच. रोज दुकान उघडशील तेव्हा ती समोर दिसू दे. विकायची नाही. झाकायची नाही. चालवायची नाही. काल गवतावर जे झालं ते पाच-सात माणसांनी ऐकलंय, आणि मी सांगितलं तर ते शेरीफच्या ठाण्यात बोलतील. जोवर ती काचेत आहे, तोवर मी सांगणार नाही."

"रॉस्को," व्हीना दारात आली, "गाडीनं काय केलंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "तिच्याशिवाय दुसरं काही नाही माझ्याकडे, त्याला दाखवायला."

हार्मनने मला पायरीवरून मागे घेतले. मी त्या काचेमागे उभी राहिले, आणि उभीच राहिले.

रॉस्को पुन्हा खाणीत लागला, हिशेबनिसाच्या खोलीत. रोज सकाळी काठी टेकत तो दुकानासमोरून जाई, मुद्दाम त्याच बाजूने. सुरुवातीला मला वाटे, तो मला पाहायला येतो. नाही. तो काचेतून, माझ्या टाकीवरून, पलीकडे हार्मनकडे पाहत असे. हार्मन पाठ फिरवी. मग रॉस्को पुढे जाई. इतकेच. मला या शिक्षेचा प्रत्येक दिवस गोड लागला, हेही सांगितले पाहिजे. हार्मनचे केस काचेमागे पिकले. त्याची गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. युद्ध आले तेव्हा सरकारने भंगार मागितले आणि गावातली लोखंडी कुंपणेसुद्धा गेली, पण मला द्यायचे धाडस हार्मनला झाले नाही.

रस्त्याकडची माझी बाजू उन्हाने फिकी पडली. टायर बसले. कोणी मला तेल दिले नाही, चाक फिरवले नाही. रॉस्कोने हात लावायचा नाही असे ठरवले होते, आणि हार्मनला हात लावायचे भय वाटे. इंजिनात जे थोडे तेल होते ते सुकले, मग ओल शिरली, आणि पिस्टन व सिलिंडर आतल्या आत गंजून एक झाले. बाहेरून काही दिसत नव्हते. लोक म्हणत, काय सुंदर गाडी आहे.

रॉस्को आधी गेला. त्यानंतर मला हलवायला हार्मनला कोणी अडवणारे नव्हते. तरी त्याने मला हलवले नाही. त्याला तोवर दुसरे काही येतच नसावे. तो गेल्यावर व्हीना ट्रक घेऊन आली, म्हातारी झाली होती, आणि तिने मला इथे, तिच्या कोठारात आणून ठेवले. तिने किकेवर हात ठेवून हाताने दाबून पाहिले. किक हलली नाही. मग तिने पदरासारख्या त्या एप्रनने माझी टाकी पुसली आणि ती आत गेली.

मला अजून हार्मनचा राग आहे. त्याने जे भोगले ते त्याने भोगायलाच हवे होते, आणि कोणी पुन्हा विचारले तर मी पुन्हा हेच म्हणेन. मला बदला हवा होता. पण तो मलाच काचेमागे उभे करून घेतला जाईल, हे मला तेव्हा समजले नव्हते. मला आणखी दोन-चार वर्षे रस्ता हवा होता का, असे कोणी विचारले असते तर मी काय म्हटले असते? मला खात्री नाही. पण कोणी विचारले नाही.

तुमच्या घरीही कदाचित दोन मोठ्या माणसांच्या भांडणात एखादी सायकल, एखादे शिवणयंत्र, एखादा विहिरीवरचा पंप अडकून पडला असेल. हा घेईना आणि तो देईना. तुम्ही लहान आहात; त्यांचे भांडण तुम्हाला मिटवता येणार नाही, आणि कदाचित ते खरेही असेल. त्यांना भांडू द्या. तुम्ही मात्र कोणाला न विचारता तिथे जा, थोडे तेल सोडा आणि चाक एकदा हाताने फिरवून पाहा. फिरले, तर अजून वेळ आहे.